दत्तक देणाऱ्या संस्थांना खुले पत्र: आमच्यासारख्यांची गाठ घालून द्या

प्रति,
दत्तक संस्थांचे संचालक, बालकल्याण यंत्रणांतील अधिकारी आणि दत्तक पालकांची पूर्वतयारी करून घेणारे समाजकार्यकर्ते व समुपदेशक यांस,

सादर नमस्कार.

मी ४१ वर्षांची आहे आणि दत्तक घरात वाढले आहे. माझे आईवडील आणि मी एका वंशाचे नाही. आम्हा तिघांना एकत्र पाहणाऱ्या कोणालाही हे पहिल्या नजरेत कळते. मराठीखेरीज मला दुसरी मातृभाषा नाही. मला जन्म देणारी बाई कोणत्या भाषेत बोलत असे, हे माझ्या फाइलीत कोठेही लिहिलेले नाही. या पत्रात एकदोन तक्रारी येतील, पण मी आले आहे ती एक मागणी घेऊन, आणि ती आरंभीच सांगते. वंशाने वेगळ्या घरात मूल देताना त्या मुलाला त्याच्यासारख्या इतर दत्तक मुलांचा आणि मोठ्या झालेल्या दत्तक व्यक्तींचा सहवास मिळवून देणे हा संगोपनाचाच भाग समजावा. लसीकरण आणि शाळाप्रवेश यांकडे आपण जितक्या गांभीर्याने पाहता, तितक्याच गांभीर्याने याकडेही पाहावे. आज हा शोध ज्याचा त्याने, बहुधा एकट्याने आणि बहुधा फार उशिरा घ्यावा लागतो. मलाही तो २९ व्या वर्षी लागला.

माझ्या आईवडिलांना दत्तकपूर्व समुपदेशनात जे सांगितले गेले, ते आईने मला पुढे अनेकदा जसेच्या तसे सांगितले आहे: "बाळ इतके लहान आहे की त्याला काही आठवणार नाही. तुम्ही प्रेम द्या, बाकीचे आपोआप होते." सांगणाऱ्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. आईवडिलांनीही हातचे काही राखले नाही; माझ्या आजारपणात त्यांनी रात्री जागवल्या आणि माझ्यावरून जवळच्या नातेवाइकांशी असलेले संबंध तोडायलाही ते कचरले नाहीत. परंतु बाळाला काय आठवते यावर सगळे लक्ष देताना, त्या बाळाकडे पाहणाऱ्यांना काय दिसणार आहे, याचा विचार त्या समुपदेशनात कोणी केलाच नव्हता. रांगेत उभे असताना अनोळखी माणसे माझ्या डोक्यावरून आईला विचारत, "ही तुमचीच का?" आई "हो" म्हणे, आणि विचारणारा माणूस क्षणभर तसाच पाहत राही. तेवढ्या क्षणात मी आईचा हात घट्ट धरत असे आणि ती माझा. कोणी माझे बोलणे ऐकून कौतुकाने म्हणे, "किती छान मराठी बोलतेस गं!" माझे वडील अशा वेळी संतापत, आणि त्यांचा संताप मला धीर देई, पण त्यांच्या चेहऱ्याला असा प्रश्न जन्मात कोणी विचारला नव्हता. ते माझ्या बाजूने उभे राहत होते, माझ्या जागी उभे राहणे मात्र त्यांच्या हातात नव्हते.

याची दुसरी बाजू कमी बोलली जाते. ज्यांचा चेहरा माझ्यासारखा आहे अशी माणसे भेटली की त्यांचे डोळे आधी उजळतात. ती आपल्या भाषेत माझ्याशी बोलायला लागतात, मी गोंधळून मान हलवते, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मला अजूनही पाहवत नाही. त्यात राग नसतो, बहुतेकदा दया असते. घरातल्या माणसांत मी दिसण्याने परकी ठरते आणि दिसण्याने जवळच्या असलेल्या माणसांत तोंड उघडताच परकी होते. वंशाने वेगळ्या घरात वाढलेल्या प्रत्येकाने हे दोन्ही दरवाजे पाहिलेले असतात, आणि आपण दोन्हीकडचे नाही याचा दोष लहान मूल स्वतःलाच देते, कारण दोष देण्यासाठी त्याला दुसरे कोणी दिसत नाही.

दत्तक व्यक्तींच्या आमच्या आधारगटाच्या पहिल्या बैठकीला मी गेले तेव्हा दाराशी दहा मिनिटे उभी होते. आत चौदा खुर्च्या गोलाकार मांडलेल्या होत्या आणि हजेरीची एक वही हातोहात फिरत होती. एकमेकांचे वाढदिवस लक्षात राहावेत म्हणून त्या वहीत जन्मतारखेचा एक रकाना होता. माझ्या आधी लिहिलेल्यांपैकी तिघांनी तारखेपुढे "अंदाजे" असे लिहिले होते. एकीने तारीख लिहून कंसात "सापडले तो दिवस" असे लिहिले होते, आणि एकाने "घरी आलो तो दिवस". माझी जन्मतारीखही डॉक्टरांनी दात आणि वजन पाहून ठरवलेली आहे. शाळेच्या दाखल्यापासून पारपत्रापर्यंत ती मी इतकी वर्षे न अडखळता भरत आले होते आणि प्रत्येक वेळी आपण काहीतरी खोटे लिहीत आहोत असे मला वाटत आले होते. त्या वहीत मी आयुष्यात पहिल्यांदा तारखेपुढे "अंदाजे" लिहिले. शेजारच्या बाईंनी वही पुढे घेतली, माझी ओळ वाचली आणि काही न विचारता आपली ओळ लिहायला घेतली.

त्या न विचारण्याचे मोल आपल्याला कसे समजावून सांगावे, हा या पत्रातला माझ्यापुढचा सर्वांत कठीण भाग आहे. मी कोणाची, कोठून आले, खऱ्या आईला शोधले का, आताच्या आईला त्याचे वाईट वाटत नाही का, हे सगळे इतर ठिकाणी मला आधी उलगडावे लागते आणि मग माझे काय दुखते आहे ते सांगण्याची पाळी येते. तोवर बहुधा बोलण्याची शक्तीच संपते. गटात तो उलगडा गृहीत असतो. तेथे "नशीबवान आहेस" असे कोणी म्हणत नाही, आणि आईवडिलांवर अपार माया असताना जन्मदात्रीसाठी रडू येणे हा कृतघ्नपणा ठरत नाही. माझे केस माझ्या आईच्या केसांसारखे नाहीत. ते कसे विंचरावेत, कशाने धुवावेत हे बिचारीने कधी कोणाकडून शिकलेले नव्हते आणि तिला शिकवायचे कोणाच्या मनातही आले नव्हते. ते मला एका दत्तक मैत्रिणीने दाखवले, माझ्या मागे उभे राहून, माझे केस हातात घेऊन. दवाखान्यातल्या अर्जावर घराण्यातील मधुमेह, हृदयरोग, कर्करोग यांचा रकाना येतो तेव्हा "माहीत नाही, दत्तक" असे ठळक लिहावे आणि त्यामुळे कोणत्या तपासण्या आधीपासून करून घ्याव्यात हे डॉक्टरांना विचारावे, हेही गटातच कळले. फाइलीची प्रत मागताना अर्जात कोणती कागदपत्रे नावानिशी मागावीत, डीएनए चाचणीचा निकाल एकटीने उघडू नये, जन्मदात्यांच्या पहिल्या भेटीला जाताना सोबत कोणाला न्यावे आणि परत आल्यावर पुढचे दोन दिवस रिकामे का ठेवावेत, हे ज्याच्यावर वेळ आली आहे त्यानेच सांगावे लागते. यांतली एकही गोष्ट मला संस्थेकडून मिळाली नाही.

हे आमच्याच गटाचे वैशिष्ट्य आहे असा माझा दावा नाही. कोरियन युद्धानंतर दक्षिण कोरियातून सुमारे २ लाख मुले परदेशांत, मुख्यतः अमेरिकेत आणि युरोपात, गोऱ्या कुटुंबांत दत्तक गेली. १९८५ या एका वर्षात हा आकडा ८,८०० च्या पुढे होता. ही मुले मोठी झाली तेव्हा त्यांना एकत्र आणण्याचा विचार ज्या संस्थांनी त्यांना पाठवले त्यांच्या मनात आधी आला नाही. त्यांनी तो स्वतः केला. स्वीडनमध्ये १९८६ साली कोरियन दत्तक व्यक्तींनी आपली संघटना स्थापन केली. १९९९ साली वॉशिंग्टनमध्ये पहिल्या पिढीतले सुमारे ४०० प्रौढ दत्तक एकत्र जमले, आणि २००४ साली निरनिराळ्या देशांतल्या अशा संघटनांचा आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला. चाळिशीतल्या माणसाने आपल्यासारख्या चेहऱ्यांनी आणि आपल्यासारख्याच आयुष्यांनी भरलेले सभागृह पहिल्यांदा पाहणे म्हणजे काय, याची मला चौदा खुर्च्यांवरून थोडी कल्पना येते.

असे गट केवळ मन मोकळे करण्यासाठी असतात, असा आपल्यापैकी काहींचा समज आहे, आणि तो दूर व्हावा असे मला वाटते. परदेशातून दत्तक आलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा अमेरिकेचा २००० सालचा कायदा २७ फेब्रुवारी २००१ रोजी अमलात आला; पण त्या दिवशी ज्यांना १८ वर्षे पूर्ण झाली होती ते त्यातून वगळले गेले. बालपणापासून अमेरिकेत वाढलेल्या आणि पालकांनी वेळेवर कागदपत्रे पूर्ण न केलेल्या काही दत्तक व्यक्तींना त्यामुळे प्रौढपणी, भाषाही येत नसलेल्या जन्मदेशात परत पाठवण्यात आले. ही त्रुटी दूर व्हावी म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात दत्तक व्यक्तींच्या संघटना पुढे राहिल्या. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये, दत्तक प्रकरणांत मुलांच्या ओळखीच्या नोंदी बदलल्या गेल्याचे आणि पालक असलेल्या मुलांना अनाथ दाखवल्याचे मान्य केले, तेही अनेक देशांतल्या साडेतीनशेहून अधिक दत्तक व्यक्तींनी एकत्र येऊन अर्ज केल्यामुळे. स्वतःच्या फाइलीत काहीतरी जुळत नाही असे वाटणारा एकटा माणूस स्वतःवरच शंका घेतो. तशीच फाइल हातात घेतलेला दुसरा भेटला, की दोघे मिळून फाइलीवर शंका घेऊ शकतात.

आता आपल्या बाजूच्या शंकांकडे वळते. पहिली शंका अशी की वंशाबद्दल इतके बोलले तर अशा दत्तकविधानालाच विरोध होईल. या वादाचा इतिहास मला ठाऊक आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७२ साली कृष्णवर्णीय मुले गोऱ्या घरांत देण्यास ठाम विरोध केला. पुढे लंबक उलट फिरला: १९९४ आणि १९९६ च्या कायद्यांनी अमेरिकेने, सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना वंशाच्या कारणावरून दत्तक देणे लांबवण्यास किंवा नाकारण्यास मनाई केली, आणि इंग्लंडने २०१४ च्या कायद्याने, दत्तक देताना मुलाचा वंश, धर्म, संस्कृती व भाषा यांचा विचार करण्याचे स्वतंत्र बंधन काढून टाकले. माझे मत विचाराल तर, वंश जुळणारे घर मिळेपर्यंत मुलाने संस्थेच्या खाटेवर वर्षे काढावीत असे मी कधीही म्हणणार नाही. तशी अट असती तर माझे आईवडील मला मिळाले नसते, आणि त्या आयुष्याची कल्पनाही मला करवत नाही. परंतु घर ठरवताना वंश आड येऊ न देणे ही एक गोष्ट आहे आणि घर ठरल्यावर वंशाचे नावच न काढणे ही दुसरी. कायद्याने पहिली सांगितली म्हणून दुसरीही आपोआप योग्य ठरली असे आपल्या क्षेत्रात मानले गेले, आणि त्याचा भार आम्ही उचलला.

दुसरी शंका पालकांची असते आणि ती मला जास्त हळवी वाटते. मूल अशा गटात गेले की आपल्यापासून दुरावेल, तेथे कडवट झालेली माणसे त्याचे कान भरतील, ही ती भीती. माझ्या आईलाही ती होती. मी बैठकीहून आल्यावर ती पहिले काही महिने काहीच विचारत नसे आणि स्वयंपाकघरात उगाच भांडी आवरत राही. त्या गटामुळेच मी तिला पुढे एके दिवशी, इतकी वर्षे न सांगितलेली गोष्ट सांगू शकले: शाळेत मला काय म्हणून हाक मारत असत, आणि तिला वाईट वाटेल म्हणून मी ते कधी घरी आणले नाही. ती ऐकत राहिली, रडली, आणि मग म्हणाली, "मला तेव्हा सांगितले असतेस तरी काय करावे हे मला कळले नसते गं." मी आणि ती त्या दिवसापासून जास्त जवळ आहोत. गटात कडवट माणसे असतात हे मी नाकारणार नाही. दत्तकविधान मुळातच बंद व्हावे असे मानणारे आमच्यात आहेत, आपल्या दत्तक आयुष्याबद्दल मनापासून समाधानी असलेले आहेत, आणि एकाच माणसाने वेगवेगळ्या वर्षी दोन्ही मते मांडल्याचेही मी ऐकले आहे. ही सगळी माणसे एका वर्तुळात बसू शकतात, म्हणूनच तेथे नव्याने येणाऱ्या मुलाला आपले मन आधी ठरवून यावे लागत नाही.

गटांच्या मर्यादाही मी लपवणार नाही. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दत्तक मुलांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता दत्तक नसलेल्या मुलांच्या सुमारे चौपट आढळली. बहुतेक दत्तक मुलांवर अशी वेळ येत नाही हेही तितकेच खरे आहे, आणि या आकड्याने कोणी पालकांना घाबरवू नये. पण जेव्हा अशी वेळ येते तेव्हा गटातला स्वयंसेवक रात्री दोन वाजता फोन उचलतो आणि नंतर त्याला स्वतःलाच सावरायला कोणी नसते. मी तो फोन उचलला आहे. दत्तक आणि वंश या दोन्ही गोष्टी समजणारा, आणि "तुम्हाला तर लहानपणापासून सगळे मिळाले आहे" या वाक्याने सुरुवात न करणारा समुपदेशक शोधायला मला त्यानंतर चार महिने लागले. आधारगट उपचारांची जागा घेऊ शकत नाही. तशी अपेक्षा ठेवणे गटावर आणि त्या मुलावर, दोघांवरही अन्याय आहे.

मी मागते आहे ते आपल्या कर्तव्याबाहेरचे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे २० वे कलम, कुटुंबापासून दुरावलेल्या मुलाची पर्यायी व्यवस्था करताना त्याच्या वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमीची योग्य दखल घेण्यास सांगते. आंतरदेशीय दत्तकविधानाबाबतचा १९९३ चा हेग करार आपल्या ९ व्या कलमात दत्तकविषयक समुपदेशन आणि दत्तकविधानानंतरच्या सेवा वाढवण्याचे काम देशांच्या मध्यवर्ती यंत्रणांकडे देतो, आणि ३० व्या कलमात मुलाच्या मूळ ओळखीची माहिती जपण्याचे बंधन घालतो. दत्तकविधानानंतरची सेवा याचा अर्थ प्रत्यक्षात मात्र पहिल्या काही वर्षांचे प्रगती अहवाल एवढाच उरला आहे. मूल आरशात पाहून प्रश्न विचारू लागते त्याच्या कितीतरी आधी ते अहवाल संपतात आणि फाइल कपाटात जाते.

म्हणून माझी विनंती अशी आहे की वंशाने वेगळ्या घरात मूल देण्यापूर्वी त्या पालकांची किमान दोनतीन मोठ्या दत्तक व्यक्तींशी निवांत भेट घडवावी, आणि त्या भेटीत संस्थेचा माणूस हजर नसावा, म्हणजे दोन्ही बाजूंना खरे बोलता येईल. दत्तकाचा आदेश हातात देताना जवळच्या आधारगटाची माहितीही द्यावी. गट नसेल तर एकाच भागातल्या अशा कुटुंबांची, त्यांच्या संमतीने, एकमेकांशी गाठ घालून द्यावी. हे मूल १८ वर्षांचे होईपर्यंत थांबू नये. पाचसहा वर्षांच्या मुलांना चर्चा नको असते. त्यांना आपल्यासारख्या घरातल्या मुलांबरोबर वर्षातून काही वेळा खेळायला मिळाले तरी पुरते, कारण पुढे बाराव्या-तेराव्या वर्षी बोलावेसे वाटेल तेव्हा ज्यांच्याशी बोलायचे ती माणसे आधीच ओळखीची झालेली असतात. गटांना जागा आणि निधी द्यावा, प्रशिक्षित समुपदेशकाचा खर्च उचलावा, पण गट कोणी चालवायचा, तेथे काय बोलायचे आणि कोणाला आत घ्यायचे हे दत्तक व्यक्तींनाच ठरवू द्यावे. जेथे बोललेले शब्द संस्थेच्या अहवालात जातील तेथे कोणी खरे बोलणार नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: आम्हाला व्यासपीठावर बोलवाल तेव्हा आपल्या कामाच्या यशाचा पुरावा म्हणून बोलावू नका. मी अशा एका कार्यक्रमात आभाराचे भाषण करून आले आहे. जे बोलले ते खरे होते, पण त्याचा उरलेला अर्धा भाग बोलायची सोय त्या सभागृहात नव्हती.

आमच्या गटातल्या सहा जणांनी, माझ्यासह, पूर्वतयारीच्या वर्गात येऊन पालकांशी बोलण्याची तयारी दाखवली आहे. त्यांतल्या दोघांचे पालकही येतील, त्यांत माझी आई आहे. तिला केसांबद्दल सांगायचे आहे. कंगवा कोणता आणायचा, ओले असताना विंचरायचे की कोरडे असताना, हे ती आता सत्तराव्या वर्षी शिकली आहे आणि पुढच्या आयांना ते पहिल्याच दिवशी कळावे असा तिचा आग्रह आहे. आम्हाला मानधन नको. वर्गाची तारीख पंधरा दिवस आधी कळवावी, एवढेच मागणे आहे.

आपली विश्वासू,
वंशाने वेगळ्या घरात वाढलेली एक दत्तक मुलगी